सोजरमावशीचा हात

सरकारी दवाखान्यात सुजलेला पाय कधी उघडा येत नाही. त्याच्यावर आधी रुईचं पान असतं, पानाखाली आंबेहळदीचा लेप, लेपाखाली चुना-गूळ, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी माणसाची कातडी. ती सापडेपर्यंत आम्हा नर्सबायांचे हात मनगटापर्यंत पिवळे होतात. मग विचारायचं, काय झालं. उत्तर ठरलेलं असतं: काय न्हाय, जरा मुका मार हाय. बेंबळीत होते तेव्हा हेच ऐकलं, येडशीला बदलून आले तरी हेच ऐकते आहे. त्यावर माझा दुसरा प्रश्नही ठरलेला आहे. चोळलं का? समोरचा माणूस खाली बघतो, बरोबरचा माणूस छताकडे बघतो, आणि मला कळायचं ते कळतं. खरं सांगायचं तर आता रागवायचंही त्राण राहिलेलं नाही. कापूस घ्यायचा, हळद पुसायची. आणि पुसता पुसता दर वेळी सोजरमावशी आठवते.

बेंबळीत मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सोजरमावशीचं घर त्याच भिंतीला लागून. मी राहायला गेले तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. अंगानं बुटकी, चालताना थोडी डावीकडे झुकणारी, नऊवारीचा काष्टा कायम घट्ट. सगळी बाई साधी, फक्त हाताचे अंगठे गड्याचे. रुंद, चपटे आणि तेलानं काळपट झालेले. त्या अंगठ्यांखालून अख्खं गाव गेलेलं होतं. बाळंतिणीचं अंग, तान्ह्यांची न्हाणी, कुणाची मान धरली, कुणाची कंबर भरली, कुणाची नस नसेवर चढली, सगळ्यांनी सोजरमावशीच्या ओसरीवर यायचं. करडईच्या तेलात ओवा आणि लसूण तळून ठेवलेला असायचा. त्या वासानंच माणूस अर्धा बरा व्हायचा, असं लोक म्हणत. मला त्या वासानं शिंका यायच्या.

सासूकडून शिकलेलं तिचं एक शास्त्र होतं आणि त्यात एकच वाक्य होतं. "बसलेलं रगत उठवावं लागतंय. त्ये आपनहून उठत न्हाय." मार लागला, काळंनिळं झालं, की आत रक्त बसलं. मग ते दाबून, चोळून, विटेनं शेकून मोकळं करायचं. दुखलं तर चांगलंच, म्हणजे रक्त हलतंय. कुणी फारच ओरडलं तर ती म्हणायची, एस्टीचा धक्का बसतो तवा गप बसता, आन हितं वरडता व्हय.

तिच्यापुढं मीही काही फार शहाणी नव्हते, हे कबूल करायला हवं. दिवसभर लसीकरणासाठी वाड्या-वस्त्या पायी फिरून आले, की माझ्या पोटऱ्यांचे गोळे व्हायचे. मावशी ओसरीवरून बघायची. दवाखान्यात ती मला "शिस्टर, तुमी" म्हणायची. घरी तेच "पोरी, तू" व्हायचं. "पाय हिकडं कर" एवढंच म्हणायची आणि मी निमूटपणे पाय पुढं करायची. दमलेल्या पायाला तिच्यासारखा हात मला पुन्हा मिळालेला नाही. अडचण एवढीच होती की तिच्या लेखी दमलेला पाय आणि मार लागलेला पाय यांत काही फरक नव्हता. दोन्हीकडे तोच अंगठा चालायचा.

मी तिला पुष्कळ सांगून बघितलं. गल्लीतल्या एका सुनेच्या नडगीवर मळणीयंत्राचा दांडा बसला होता. मावशीनं ती चांगली चोळून काढली. काही दिवसांनी काळानिळा डाग खाली घोट्यापर्यंत उतरला आणि कडेनं हिरवा-पिवळा झाला. घरची माणसं घाबरून दवाखान्यात आली. मी त्यांना समजावलं की आतल्या बारीक नळ्या फुटून रक्त मांसात साठलं होतं, ते आता विरघळतंय, आणि पाण्यासारखं खालच्या अंगाला उतरतंय. हिरवा-पिवळा रंग म्हणजे बरं होण्याचाच आहे. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, त्येच तर म्हंते म्या, उठवलं म्हनून उतरलं. मी म्हटलं, मावशी, ते तसंही उतरलंच असतं, आणि न चोळता लवकर उतरलं असतं. त्यावर तिनं माझ्याकडे मोठ्या मायेनं बघितलं.

कोजागिरीला सोलापूरकडून माणसं चालत तुळजापूरला येतात. रस्त्याच्या कडेनं ठिकठिकाणी मांडव पडतात, कुणी चहा देतं, कुणी केळी वाटतं. सोजरमावशी दर वर्षी बायकांबरोबर जाऊन एका मांडवात बसायची आणि येणाऱ्या अनोळखी माणसांचे पाय मांडीवर घेऊन दाबायची. एका वर्षी माझी ड्यूटी तिथल्याच औषधाच्या टेबलावर लागली. एक दांडगा गडी मोटारसायकलचा धक्का लागून मांडीवर आपटला होता. मांडीवर पेरूएवढं टेंगूळ. मी टेबलामागून उठेपर्यंत मावशीनं त्याचा पाय मांडीवर घेतलासुद्धा. मी जाऊन तो पाय अक्षरशः ओढून घेतला, शेजारच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून टेंगळावर धरला आणि त्याला आडवं करून पायाखाली पिशव्या रचल्या. मावशीला माझी कृती पटली नाही. दुखऱ्या पायाला गारठा देणं हे तिला माणसाला उपाशी झोपवण्यासारखं वाटलं. आणि देवीच्या वाटेवरचा पाय आहे, त्याला काय होणार. तासाभरात गड्याला उतार पडला. मावशी म्हणाली, बघा, आईची किरपा. बर्फाचं नाव कुणी काढलं नाही.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे तिचे मालक. एस्टीत ड्रायव्हर होते आणि बोलायचं सगळं गाडीतच बोलून संपवून निवृत्त झाल्यासारखे गप्प असायचे. मूलबाळ नव्हतं. दिवेलागणीला तात्या ओसरीवर यायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि पाय लांब करायचे. मावशी एकेक पाय मांडीवर ओढून घ्यायची. डावा पाय आधी, कारण तो क्लचचा पाय, जन्मभर दाबून दाबून आखडलेला. ती दाबत दाबत दिवसभराचं सगळं सांगायची, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली. तात्या "हं" म्हणायचे. त्यांच्या संसारात मी यापेक्षा जास्त काही बघितलं नाही, पण कित्येक बोलक्या घरांत मी एवढंही बघितलेलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा.

तात्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना सोलापूरला नेऊन हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर मावशीनं मला बोलावून त्या गोळ्यांचा अर्थ विचारला. मी सांगितलं, यांचं रक्त आता आपल्यासारखं पटकन गोठणार नाही, जखम होऊ देऊ नका. तिनं ते इतकं मनावर घेतलं की तात्यांची फजिती झाली. दाढीचं ब्लेड काढून घेतलं. न्हाव्याला घरी बोलावून दम भरला. विळीला हात लावू देईना, बाभळीखालून जाऊ देईना, अनवाणी अंगणात उतरले तरी ओरडायची. एकदा तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "शिस्टर, हिनं मला काचंच्या कपाटात ठिवलंय." त्यांच्याकडून ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य असेल.

काटा, पातं, ब्लेड, सगळ्यांवर तिची नजर होती. जे रक्त बाहेर येतं त्याच्यावर तिनं डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. कातडी न फाटता आतल्या आत वाहणारं रक्त असतं, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. आमच्या भागात ते कुणाच्याच हिशेबात नसतं. म्हशीनं लाथ मारली आणि रक्त आलं नाही, तर माणसं म्हणतात, चला, थोडक्यात निभावलं.

तसंच झालं. दिवाळीत मी लातूरला माहेरी गेले होते. तात्या म्हैस धूत होते आणि तिनं मागची लाथ झाडली, ती डाव्या पोटरीवर बसली. रक्ताचा थेंब नाही. मावशीनं देवीपुढं साखर ठेवली म्हणे. मग पाय मांडीवर घेतला आणि तेल लावून चोळायला बसली. सकाळी चोळला, संध्याकाळी चोळला, वीट तापवून शेकला. पाय सुजत गेला तशी ती जास्त चोळत गेली. तात्यांनी दात आवळून सगळं सोसलं. मला नंतर म्हणाले, ती करतीया म्हंजी बरंच करत आसंल, असं वाटलं. त्या बाईला जन्मात कधी "नको" म्हणाले नव्हते, आणि तेव्हाही म्हणाले नाहीत.

मी परत आले तेव्हा भिंतीपलीकडून कण्हण्याचा आवाज येत होता. पिशवी तशीच ठेवून गेले. पोटरी तुंबून लाकडासारखी टणक झालेली, कातडी तेल लावल्यासारखी चमकत होती, आणि त्यावर खरोखरच तेल होतं. गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत जांभळं-काळं. मी म्हटलं, तात्या, बोटं वर करा. बोटं हलली नाहीत. बोटांवर टिचकी मारली, तर म्हणाले, कुणाच्या तरी पायाला लावल्यागत लागतंय. मी शेजारच्या पोराला डॉक्टर मॅडमना आणायला पळवलं. आत साठलेल्या रक्ताचा दाब वाढत जातो, पोटरीच्या आवरणाला ताणायला जागा नसते, मग नसा आणि रक्तवाहिन्या दबतात. तिथून पुढं पाय वाचायला थोडेच तास असतात. आमच्या डॉक्टर मॅडम नव्या आणि तरुण होत्या. त्यांनी एकदा हात लावून बघितला आणि लगेच सोलापूरला फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. आत तात्या, मी आणि मावशी.

तुळजापूरच्या घाटात गाडी वळायला लागली तसे तात्या मोठ्यानं कण्हायला लागले. मावशीचा हात आपोआप त्यांच्या पोटरीवर गेला आणि अंगठा हलायला लागला. तिला ते कळलंसुद्धा नसावं.

मी म्हटलं, "मावशी, हात काढा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हात उचलला आणि पदराखाली घेतला. सोलापूर येईपर्यंत तो पदराखालीच होता.

पाय उघडून आतलं साठलेलं रक्त काढलं. काकवीसारखं काळं आणि दाट होतं, असं सर्जन म्हणाले. वयस्क, दमलेले गृहस्थ. त्यांच्यापुढं अजून बरीच माणसं बसलेली होती, तरी ते मावशीपाशी उभे राहून नीट बोलले. पाय राहील, म्हणाले, पंजाचं सांगता येत नाही. मावशीनं विचारलं, म्या चोळलं म्हनून झालं का हे. मी मनात म्हटलं, काहीतरी गोल बोला. ते गोल बोलले नाहीत. म्हणाले, रक्त लाथेनं सुटलं, गोळ्यांमुळं थांबायला वेळ लागला असता, पण थांबलं असतं. चोळण्यानं आणि शेकण्यानं ते थांबू शकलं नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. मावशीनं मान हलवली, मोठ्या माणसानं वाट सांगितल्यावर हलवावी तशी. रडली नाही.

पाय वाचला. पंजा मात्र वर उचलायचा बंद झाला, चालताना घासत जायचा. जखम भरली, टाके निघाले, तात्या काठी घेऊन हिंडायला लागले. आणि सोजरमावशीनं हात बंद केले. ओसरीवरचं तेल गेलं. बाळंतिणीच्या आया यायच्या, ती म्हणायची, माझ्यानं व्हत न्हाय आता, गुडघं दुखतेत. तिचे गुडघे दगडासारखे होते. तान्हं बाळ कुणी हातात दिलं तरी मांडीवर घेऊन नुसती बसायची, हात बाजूला ठेवून.

मुका मार लागलेलं कुणी गल्लीतून जाताना दिसलं, की मात्र तिच्या अंगात यायचं. ओसरीवरूनच ओरडायची, चोळू नका, शेकू नका, बरफ लावा, पाय उशीवर ठिवा. मग त्याला थांबवून उलटतपासणी सुरू व्हायची. छातीत स्प्रिंग हाय का? रगत पातळ व्हायची गोळी चालू हाय का? मनानं बंद करू नकोस, डाक्टरला इचार. बोटं हालतेत का? मुंग्या येतेत का? सूज वाढली तर थांबू नको, नीघ. एका पंचविशीच्या पोराला तिनं स्प्रिंगबद्दल विचारलं तेव्हा तो कबड्डीतून लंगडत आलेला, बिचारा छाती चाचपायला लागला. आम्ही हसलो. ती हसली नाही. जे मी घसा कोरडा करून वर्षानुवर्षं सांगत होते, ते आता ती माझ्यापेक्षा चांगलं सांगत होती, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

दिवेलागणीला तात्या पूर्वीसारखेच ओसरीवर यायचे आणि पाय लांब करायचे. सवय कुठं जाते. मावशी आत काहीतरी काम काढायची. पंजाचा व्यायाम सांगितला होता, घरच्या माणसानं पंजा हातानं वर-खाली करायचा. तेही तिनं केलं नाही. तात्या तळव्याला टॉवेल अडकवून स्वतःच ओढत बसायचे. कधी मला बघून म्हणायचे, दुसरा तर चांगला हाय, त्यो तरी दाबाय सांगा तिला. थट्टेनं म्हणायचे, पण ती थट्टा नव्हती.

वर्ष उलटलं तेव्हा मी तिला समोर बसवून सांगितलं. आतलं रक्त कधीच विरलं. डॉक्टरांनीच सांगितलंय, हलका हात चालेल, उलट बरं वाटेल त्यांना. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं हाय, शिस्टर," ती म्हणाली. "पर माजा हातच व्हत न्हाय."

घरीसुद्धा ती मला आता शिस्टर म्हणायची. मी बोलून दमले होते, आणि बोलण्यानं सुटणारी ती गोष्ट नव्हती. एका भिंतीआड दोन म्हातारी माणसं एकमेकांना तरसत होती, दोघांमध्ये हातभर अंतर होतं, आणि माझ्याकडे त्यावर औषध नव्हतं. मला फार वाईट वाटायचं. संध्याकाळी मी माझं दार लोटून घ्यायची.

मग माझी येडशीला बदली झाली. जाणं-येणं कमी झालं. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला, तात्या गेले. चहा पिता पिता छातीवर हात ठेवला आणि गेले. पायाचा त्यात काही संबंध नव्हता. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. तात्यांना पाटावर टेकवून भावकीतले लोक आंघोळ घालत होते. एकानं पाणी ओतलं, एकानं तेल लावलं, उरकल्यासारखं. बायका मावशीला धरून दारात बसल्या होत्या. तिचे डोळे कोरडे होते.

तिनं मला बघितलं आणि बायकांचे हात सोडवून उठली. सरळ माझ्यापाशी आली. गर्दीत कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं.

"शिस्टर, आता दाबलं तर चालतंय का?"

मी नर्स आहे. पुष्कळ मेलेली माणसं बघितली आहेत, पुष्कळ प्रश्न ऐकले आहेत. हा प्रश्न मला कधी कुणी विचारलेला नव्हता.

"चालतंय, मावशी," मी म्हणाले.

ती पाटाशेजारी ओल्या मातीत बसली. ऑपरेशनचा लांब वण असलेला पाय तिनं मांडीवर ओढून घेतला आणि घोट्यापासून वर, सावकाश, अंगठ्यांनी दाबत निघाली. तिचे ओठ हलत होते. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही. तिरडी बांधून झाली होती, माणसं उन्हात उभी होती, कुणीही आटपा म्हणालं नाही. गुडघ्यापर्यंत झाल्यावर तिनं तो पाय नीट खाली ठेवला आणि दुसरा मांडीवर घेतला.